व्हॉट्सॲपवर आलेली वंशावळ खरी किती?

भावकीच्या ग्रुपवर एक पीडीएफ येते. वर कुलदैवताचा फोटो, खाली मूळ पुरुषापासून परवा जन्मलेल्या नातवापर्यंत अकरा पिढ्या, रंगीत चौकटींत. कुणीतरी ती फॅमिलीसर्च नाहीतर मायहेरिटेज अशा वंशावळीच्या साइटवर चढवतं, तिथून दुसरा आपल्या झाडात, म्हणजे साइटवर मांडलेल्या आपल्या वंशावळीत, उतरवून घेतो, तिसरा जेनी या तिसऱ्या साइटवर टाकतो. वर्षभरात तीच वंशावळ पाच ठिकाणी दिसायला लागते आणि लोक म्हणतात, पाच ठिकाणी एकच लिहिलंय म्हणजे खरंच असणार. पाचही प्रती एकाच कागदाच्या असतात. तो कागद कुणी, कधी आणि कशावरून लिहिला हे विचारल्यावर ग्रुपवर सामसूम होते.

२०२३ पासून मराठवाड्यात या पीडीएफ फार वाढल्या. मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातली दप्तरं उघडली, जिल्हा प्रशासनांनी कुणबी नोंदींचे स्कॅन आपापल्या संकेतस्थळांवर टाकले आणि घरोघरी वंशावळ जुळवायचं काम सुरू झालं. वर्षानुवर्षं बासनात पडलेले कागद उजेडात आले, हे चांगलंच झालं. पण एखाद्या ठरावीक नोंदीपर्यंत पोचायचंच, असं मनाशी धरून काढलेली वंशावळ त्या नोंदीकडे ओढली जाते. गावात त्या नावाचे तिघं असले तर आपल्या सोयीचा तोच आपला पणजोबा ठरतो. त्यामुळे वंशावळ हातात आली की आधी विचारायचं, ही कधी आणि कशासाठी काढली? वाटणीचा वाद, दाखला, वतन किंवा निवडणूक यांच्या ऐन भरात काढलेली असेल तर प्रत्येक पिढीला वेगळा कागद मागायचा. वाद उभा राहायच्या आधी, कुणाचाही फायदा नसताना झालेली साधी नोंद त्या मानाने जास्त भरवशाची. कोर्टही नात्याबद्दलच्या जुन्या विधानांकडे याच नजरेने बघतं.

वंशावळीत नावं सहसा बरोबर असतात. चुकते ती दोन नावांमधली रेघ. राणोजी होता, खंडोजीही होता, पण राणोजी हा याच खंडोजीचा मुलगा कशावरून? तपासायची ती ही जोड. अकरा पिढ्यांच्या एका रांगेत दहा जोडी असतात आणि खालून वर जाताना एक जोड तुटली की त्याच्या वरचं सगळं दुसऱ्याच घराचं होतं. म्हणून वरून, म्हणजे मूळ पुरुषापासून, कधीच सुरुवात करू नये. आपल्यापासून, आपल्या जन्मदाखल्यापासून वर चढायचं आणि पक्की न झालेली पायरी आली की तिथे थांबायचं.

साइटवर काय बघायचं

सगळ्या साइट सारख्या नाहीत. फॅमिलीसर्च, जेनी आणि विकिट्री यांच्यावर सगळ्यांचं मिळून एकच झाड असतं, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं दुसरा बदलू शकतो. ॲन्सेस्ट्री आणि मायहेरिटेजवर प्रत्येकाचं वेगळं झाड असतं आणि साइट एका झाडातल्या नावाचा 'मेळ' दुसऱ्या झाडात सुचवते. दोन्हींतली चूक वेगळ्या जातीची. एकत्रित झाडात एकाच नावाच्या दोन माणसांना कुणी एक करून टाकतं, की दोघांची बायकापोरं एकाच्या अंगावर येतात. वेगळ्या झाडांत सुचवलेला मेळ डोळे झाकून स्वीकारला जातो आणि एकाची चूक शंभर झाडांत पसरते.

नोंद उघडली की तीन गोष्टी बघा. पहिली, स्रोताचा रकाना. तिथे 'दुसऱ्याच्या झाडावरून' किंवा कुठल्या तरी जेडकॉम फाइलचं (ती काय ते खाली) नाव असेल तर स्रोत नाही असंच समजायचं. दुसरी, बदलांची यादी. फॅमिलीसर्चवर प्रत्येक व्यक्तीच्या पानावर कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं आणि बदल करताना कारण लिहायला जागा असते. 'वडील बदलले' अशी नोंद दोन-तीनदा दिसली तर ती जोड वादातली आहे. तिसरी, नाव चढवणाऱ्याला निरोप पाठवायची सोय. चार ओळी लिहून विचारायला काही जात नाही: "राणोजी-खंडोजी हे नातं तुम्हाला कुठे मिळालं? कागदाचा फोटो आहे का?" निम्म्या वेळा उत्तर येतं, 'आजोबांनी सांगितलं'. तेही उत्तर चालतं, फक्त ते तसंच लिहून ठेवायचं.

जेडकॉम ही झाड एका साइटवरून दुसरीकडे नेण्याची फाइल. १९८४ पासून चालत आली आहे. तिच्यातून नेताना जन्मतारखेपुढचं 'अंदाजे' कुठे तरी गळतं, शेरे आणि जोडलेले फोटो बऱ्याचदा येतच नाहीत. मग मूळ झाडात 'अंदाजे १८५०' असलेला माणूस चौथ्या प्रतीत '१ जानेवारी १८५०'ला जन्मलेला दिसतो. जुन्या खेडेगावातल्या माणसाची जन्मतारीख एक जानेवारी दिसली की ती संगणकाने घातली असं धरून चाला. एक जून दिसली तर ती शाळेतल्या गुरुजींनी घातली. प्रवेशाच्या वेळी घरच्यांना तारीख सांगता आली नाही की जूनची एक तारीख लिहायची रीतच होती. अशा तारखेतलं फक्त साल घ्यायचं, तेही दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून.

रोमन लिपीतल्या नावांचा घोळ वेगळाच. काळे आणि काले यांचं स्पेलिंग एक, ढगे आणि धागे यांचंही एक. साइटचं यंत्र त्यांना एकाच कुळात घालून मेळ सुचवतं. म्हणून आपल्या झाडात प्रत्येक नाव देवनागरीतही लिहून ठेवा. बहुतेक साइटवर दुसऱ्या लिपीतल्या नावासाठी जागा असते.

कागद काढण्याआधी साधा हिशेब. आई-वडिलांच्या मृत्यूनंतर मूल जन्मलंय का? बाप वारल्यावर नऊ महिन्यांपर्यंत चालेल, त्यापुढे नाही. मूल झालं तेव्हा आईचं वय बाराच्या आत किंवा पन्नासच्या वर येतंय का? दोन भावंडांत सहा महिन्यांचं अंतर आहे का? तसं असेल तर एकतर वर्ष चुकलं किंवा आया दोन आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याआधी दोन बायका असणं चालायचं आणि वंशावळीत धाकटीची मुलं थोरलीच्या नावावर लावलेली सर्रास सापडतात.

मग पिढ्यांचा हिशेब. सरासरी पिढी पंचवीस ते तीस वर्षांची. अकरा पिढ्या म्हणजे दहा अंतरं, म्हणजे अडीचशे ते तीनशे वर्षं. शेवटचा नातू २००० सालचा असेल तर मूळ पुरुष १७०० ते १७५० या काळातला येतो. आता पीडीएफवर लिहिलेलं असतं की मूळ पुरुष शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते. म्हणजे जन्म साधारण १६४०-५०चा धरा. भागाकार करा. प्रत्येक पिढीला पस्तीस-छत्तीस वर्षं पडतात. शेंडेफळाचा शेंडेफळ असं दोन-तीनदा झालं तर अंतर वाढतं, पण सलग दहा वेळा? बहुधा मधली एखाद-दुसरी पिढी गळाली, नाहीतर मूळ पुरुष दुसऱ्याच कुणाच्या वंशावळीतून आणून वर बसवला. दुसरी शंका जास्त खरी ठरते.

निजामाच्या दप्तरातली जोड

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे पुणे-साताऱ्याकडच्या माणसाने लिहिलेली 'कागद कसे शोधावेत' ही यादी इथे अर्धीच लागू पडते. वरचं दप्तर उर्दूत, गावपातळीवरचं बरंचसं मोडीत, जहागिरीच्या गावांचं जहागीरदाराकडे. जहागिऱ्या १९४९ मध्ये गेल्या. ज्यांचं गाव जहागिरीत होतं त्यांना त्याआधीचे महसुली कागद तहसिलीत सलग मिळाले नाहीत तर गाव चुकलं असं लगेच समजू नये.

जिल्ह्याचा पत्ता हा पहिला अडथळा. जालना जिल्हा १९८१चा, लातूर १९८२चा, हिंगोली १९९९चा. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. अंबाजोगाईचं तेव्हाचं नाव मोमिनाबाद. झाडात 'जन्म १९२८, उदगीर, जि. लातूर' असं लिहिलेलं चूक म्हणता येणार नाही, पण त्या पत्त्यावर १९२८चा कागद शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. जन्मस्थळाच्या शेऱ्यात तेव्हाचा जिल्हा लिहून ठेवा. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावं आणि १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी भागात नव्या जागी वसलेली गावं यांच्याबाबत जुनं आणि नवं ठिकाण दोन्ही लिहायचं, नाहीतर पुढचा माणूस ती दोन गावं समजून एका घराची दोन घरं करतो.

आता कागद. जोड पक्की करायला ज्यात बापाचं नाव किंवा नातं लिहिलेलं असतं तेच उपयोगाचे. वारसाचा फेरफार सगळ्यांत चांगला, कारण त्यात मयत कोण, वारस कोण, नातं काय आणि वय काय हे एकत्र येतं. तो गाव नमुना सहामध्ये असतो आणि वारसांची वेगळी नोंदवही सहा-क. १९५१चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर मिळालं तर घरनिहाय माणसं कळतात. मराठवाड्यात १९५४-५५चं खासरा पत्रक हा कणा आहे. त्याच्या मागे पाहणी पत्रक, क पत्रक, कुळ नोंदवही, आणि भूमी अभिलेख कार्यालयात पक्काबुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात बापाचं नाव हमखास असतं. जन्ममृत्यूचा गाव नमुना चौदा, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात तो, मात्र जपून वापरा. त्यात बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं. 'मुलगा' आणि बापाचं नाव, बस्स. ती नोंद थोरल्याची की धाकट्याची हे दुसऱ्या कागदाशिवाय ठरत नाही. वक्फ किंवा इनामाचा संबंध असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर दिलेला दाखला, बघायचा, त्यात वारसांची साखळी येऊ शकते. दुय्यम निबंधकाकडचं दत्तकपत्र किंवा मृत्युपत्र मिळालं तर सोन्याहून पिवळं.

नक्कल मागताना आजचा गट नंबर सांगितला तर जुना कागद सापडत नाही. जमिनींच्या एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. आधी एकत्रीकरणाचा उतारा काढून गट कुठल्या सर्व्हे नंबरातून आला ते बघायचं, मग तहसिलीच्या अभिलेख कक्षात गाव, सर्व्हे नंबर आणि साल लिहून अर्ज. स्कॅन झालेले जुने सातबारा आणि फेरफार 'आपले अभिलेख' पोर्टलवरही मिळू शकतात. अर्जाच्या आधी तिथे डोकावून बघा, खेप वाचेल. कागद कुठलाही असो, झाडाला जोडताना एका ओळीचा कापलेला फोटो जोडू नका. अख्खं पान, पान क्रमांक आणि रजिस्टरचं मुखपृष्ठ, तिन्हींचे फोटो हवेत. ग्रुपवर फिरणारा कापलेला फोटो बघून शेजारच्या गावाच्या नोंदीला आपलं म्हणणारे खूप भेटतात, कारण गावाचं नाव पानाच्या डोक्यावर असतं आणि तेच कापलेलं असतं.

तारखांचा गोंधळ सगळ्यांत जास्त नुकसान करतो. हैदराबादचा फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचा. फसलीत ५९० मिळवलं की ते वर्ष सुरू झालं ते इसवी साल येतं, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना ५९१ मिळवायचे. हिजरी सन चांद्र, त्यामुळे तिथे साधी बेरीज चालत नाही, तक्ताच लागतो. शके असेल तर ७८, चैत्रापासून मोजून. आकडा १३००च्या घरातला दिसला तर तो फसली की हिजरी हे महिन्याच्या नावावरून ओळखा. आजुर, दै, बहमन, इस्फंदार, खुर्दाद, तीर असे महिने म्हणजे फसली. मोहरम, सफर, रजब, शाबान असे महिने म्हणजे हिजरी.

समजा, साइटवर असं दिसतंय: राणोजी वल्द खंडोजी (खंडोजीचा मुलगा राणोजी), मृत्यू १९०६. मुलगा बापूराव, जन्म १९१२. बाप मेल्यावर सहा वर्षांनी मुलगा. साइट लाल खूण दाखवते आणि कुणीतरी शहाणा येऊन बापूरावाला राणोजीपासून तोडून दुसऱ्या घराला चिकटवतो. आता मूळ कागद बघा. वारसाच्या नोंदीवर साल १३२४, महिना बहमन. कुणीतरी तो हिजरी समजून १९०६ केला. बहमन हा फसलीतला तिसरा महिना, म्हणजे नोंद डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१५ची. शिवाय ती वारस लागल्याची तारीख, मृत्यूची नव्हे. मृत्यू त्याच्या आधी काही महिने, कधीकधी काही वर्षंही. बापूराव त्या वेळी दोन-तीन वर्षांचा, आणि नोंदीत त्याच्यापुढे 'अज्ञान' (म्हणजे वयात न आलेला) आणि पालन करणारी म्हणून आईचं नाव. सगळं जागेवर बसतं. तोडलेली जोड खरी होती, चुकलं होतं फक्त साल.

याच घराचं पुढे. वंशावळीत खंडोजीला दोन मुलगे, राणोजी आणि मारुती. खंडोजीची जमीन १८ एकर २४ गुंठे. खासरा पत्रकात राणोजीच्या वारसाच्या नावे ६ एकर ८ गुंठे, आणेवारी (म्हणजे सोळा आण्यांत मोजलेला हिस्सा, आण्याचे पै बारा) ५ आणे ४ पै. सोळा आण्यांचे दोन वाटे झाले असते तर आठ आणे आले असते. ५ आणे ४ पै म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा आणि ६ एकर ८ गुंठे म्हणजे १८ एकर २४ गुंठ्यांचा तिसरा भागच. म्हणजे वाटेकरी तीन होते. तिसरा कोण? निपुत्रिक वारलेला भाऊ असेल आणि त्याची विधवा वाटेकरी असेल. किंवा मधल्या काळात कुणाला हिस्सा विकला असेल. फेरफार काढून बघेपर्यंत तिसऱ्या भावाचं नाव कल्पनेने घालू नका. पण वंशावळ अपुरी आहे हे मात्र जमिनीच्या हिशेबानेच सांगून टाकलं. आणेवारी बघायची सवय लावून घ्या, वंशावळ पडताळायला इतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

उताऱ्यावरच्या आडव्यातिडव्या खुणा वाचल्याशिवाय नातं लावू नये. 'ए.कु.क.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कर्ता, त्याच्यामागे भाऊ आहेत आणि त्यांची नावं उताऱ्यावर नाहीत. एकटाच मुलगा होता असा निष्कर्ष यावरून निघत नाही. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. तो चुलता असू शकतो, मामाही असू शकतो, आणि वंशावळीत मात्र तो बाप म्हणून चढतो. 'वल्द' आणि 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'मुतबन्ना' दिसलं तर दत्तक. दत्तक गेलेल्या मुलाची दोन्ही घरं झाडात दाखवता येतात, बहुतेक साइटवर जन्माचे आणि दत्तक आई-वडील वेगळे लावायची सोय आहे. 'कोम' जपून वाचा. मोडी-मराठी कागदात 'सखूबाई कोम बापूजी' म्हणजे बापूजीची बायको. उर्दू रकान्यात कौम म्हणजे जात. एकाचं दुसरं केलं की बाईला नवरा उरत नाही, किंवा नवऱ्याच्या नावाची जात तयार होते.

उर्दू शिकस्त, म्हणजे घाईच्या मोडक्या, हातात बाबूराव आणि बापूराव यांच्यात नुक्त्यांचाच (टिंबांचाच) फरक, आणि घाईत लिहिणारा नुक्ते देतोच असं नाही. 'ळ' उर्दूत नाही, त्यामुळे काळे-काले तिथेही एकच. मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, म्हणून बापाचं नाव कुठे संपलं आणि गावाचं कुठे सुरू झालं यात चूक होते. लिप्यंतर करणाऱ्याकडून फक्त मराठी मजकूर घेऊ नका. मूळ ओळीखाली ओळ, अक्षरशः, आणि शंका असलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह, असं मागा. प्रश्नचिन्ह एकही नसलेलं लिप्यंतर आलं तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा. जुन्या नोंदीत आडनाव बहुतेक नसतंच. 'राणोजी वल्द खंडोजी, मौजे अमुक' एवढंच. आडनाव नंतरच्या माणसाने घातलेलं असतं आणि झाडात ते नोंदीतलंच आहे असं दिसतं.

भावकीला विचारताना

कागद नसला तरी काही पडताळे घरातच असतात. पहिला सोयरिकीचा. दोन घरं एकाच मूळ पुरुषाची आहेत असं वंशावळ म्हणते, आणि त्या दोन घरांत मागे लेकी दिल्या-घेतल्या गेल्यात. मग ती भावकी नाही. आडनाव एक असलं तरी नाही. दुसरा सुतकाचा. कुणाच्या घरचं सुतक कुणाला येतं, किती दिवसांचं येतं, हे म्हातारी माणसं बिनचूक सांगतात. त्यांना पूर्वजांची नावं आठवत नसतात, पण 'त्या वाड्याचं आम्हाला दहा दिवसांचं, पलीकडच्यांचं तीनच' हे पाठ असतं. दहाचं आणि तीनाचं अंतर म्हणजे नातं किती जवळचं याची खूण. तिसरा देवकाचा आणि कुलदैवताचा. तुळजापूर की माहूर एवढ्यावर काही ठरत नाही, तिथे निम्मा मराठवाडा जातो. देवक, कुलदैवत आणि मूळ गाव तिन्ही जुळली तर पुढे जायचं, तिन्हींत फरक असेल तर सारखं आडनाव विसरायचं. या पडताळ्यांनी नातं सिद्ध होत नाही, पण खोटं नातं मात्र पकडलं जातं.

मामाची मुलगी करायची रीत आपल्याकडे आहे. त्यामुळे एकच आजोबा झाडात दोन बाजूंनी येतो, आणि साइट त्याला दुबार नोंद समजून दोन बायकांना किंवा दोन बहिणींना एक करायला सांगते. तो मेळ नाकारा आणि शेऱ्यात नातं लिहून ठेवा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या बऱ्याच कामाच्या, कारण यात्रेला गेलेल्या माणसाने स्वतः सांगून किंवा स्वतःच्या हाताने तेव्हाच्या घरच्यांची नावं लिहिलेली असतात. जाताना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही सांगावं लागतं. बाप, आजा, पणजा आणि भाऊ-पुतणे यांच्याबद्दल ती नोंद भरवशाची, त्याच्या वरचं ऐकीव. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो फॅमिलीसर्चवर आहेत, पण त्या देवनागरीबरोबर इतर लिप्यांतही आहेत आणि शोधणं वेळखाऊ आहे. गावोगाव येणाऱ्या भाटाच्या वहीचं तसंच. त्याच्या मागच्या फेऱ्यांत भरलेल्या चार-पाच पिढ्या घ्या. त्याच्या वरचा भाग सूर्यवंशात किंवा एखाद्या राजघराण्यात जाऊन मिळतो, आणि शेजारच्या आडनावाचाही तिथेच मिळतो. ऐकायला बरा वाटतो, झाडात घालायचा नाही.

लेकी हा वंशावळींचा कायमचा खड्डा. जुन्या वंशावळीत त्या नसतातच, वारसाच्या अर्जात बहिणींची नावं गाळलेली असतात, आणि लग्नात नाव बदललं असेल तर एकच बाई माहेरी एक आणि सासरी दुसरी म्हणून दोनदा चढते. १९९४ची राज्याची आणि २००५ची केंद्राची वारसा कायद्यातली दुरुस्ती यांनंतरच्या फेरफारात मुलींची नावं यायला लागली. श्राद्धात आईच्या बाजूच्या तीन पिढ्यांची नावं घ्यायची पद्धत ज्या घरांत आहे तिथे मातामहाचं नाव सापडतं, त्यावरून माहेर लावता येतं.

प्रत्येक जोडीपुढे मी तीनच शेरे ठेवायला सांगतो: पक्की, बरी, कच्ची. वेगवेगळ्या कामासाठी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले दोन कागद तेच नातं सांगत असतील तर पक्की. एकच कागद, किंवा कागद नसून दोन घरच्या म्हाताऱ्यांची एकमेकांना न विचारता सांगितलेली एकच गोष्ट असेल तर बरी. दुसऱ्याचं झाड, पीडीएफ, भाटाचा वरचा भाग, ऐकीव, हे सगळं कच्चं. शेऱ्यात कागदाचं नाव, साल, पान आणि तो कुणाच्या ताब्यात आहे ते लिहा. कच्च्या जोडीच्या वर झाड वाढवू नका, वरचा तुकडा वेगळा ठेवा. जात पडताळणी समितीसमोर वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते आणि प्रत्येक पिढीचा कागद मागितला जातो. साइटवरच्या झाडाची छापील प्रत तिथे चालत नाही, आणि खोटी साखळी जोडली तर दाखला रद्द होऊन कारवाई होते, ती राज्याच्या जात प्रमाणपत्राच्या कायद्याखाली (२००१चा क्रमांक २३).

सामाईक झाडात चूक सापडली तर माणूस पुसून टाकू नका. फक्त चुकलेली रेघ काढा, कारणाच्या रकान्यात कागदाचा हवाला द्या आणि ज्याने ती लावली त्याला आधी निरोप टाका. आठवडाभर थांबा. न विचारता तोडलेली जोड तो परत लावतो आणि मग महिनाभर लावा-तोडा चालू राहतं. दोन माणसं चुकून एक झाली असतील तर एक करणं उलटवायचा पर्याय बदलांच्या यादीत शोधा. पण त्यानंतर बरेच बदल झाले असतील तर तो चालेलच असं नाही, मग दुसरा माणूस नव्याने करून त्याची बायकापोरं एकेक करून हलवावी लागतात. हयात माणसांची जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव बँका ओळख पटवायला विचारतात, म्हणून ग्रुपवर पुढची पीडीएफ टाकताना हयात लोकांची फक्त नावं ठेवा, बाकी काढून टाका. फॅमिलीसर्च हयात म्हणून खूण केलेला माणूस इतरांना दाखवत नाही, पण ती खूण तुम्हीच बरोबर लावलेली असावी लागते.